सुकाणू धरणारा मास्तर

शर्यतीच्या होडीत आठ जण वल्ही मारतात आणि नववा नुसता बसतो. आठांची पाठ पुढच्या दिशेला असते, त्यामुळे आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. नवव्याच्या आवाजावर विसंबून ते जीव तोडून ओढत राहतात. हा नववा होडीच्या मागच्या टोकाला बसतो, त्याचं तोंड पुढे असतं आणि त्याच्या हातात सुकाणूच्या दोऱ्या असतात. इंग्रजीत त्याला कॉक्स म्हणतात. तो जितका हलका तितका चांगला, कारण त्याचं वजन बाकीच्यांना ओढायचं असतं. त्याची कामं दोनच: होडी सरळ ठेवणं आणि ओरडणं.

७ एप्रिल १८८४ रोजी थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक या सालाबादच्या शर्यतीत केंब्रिजने ऑक्सफर्डला अडीच होड्यांच्या अंतराने हरवलं. केंब्रिजच्या होडीतला नववा होता जीझस कॉलेजचा एकवीस वर्षांचा ठेंगणा विद्यार्थी, सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को. सहा वर्षांनी तो शाळामास्तर होऊन श्रीनगरला गेला आणि १९४७ पर्यंत तिथेच राहिला. ज्या शाळेला आज त्याचं नाव आहे ती लाल चौकाजवळ शेखबागेत अजून भरते. हे पुस्तक त्याचं चरित्र आहे.

मराठी वाचकाला या माणसाशी काय देणंघेणं, असं हस्तलिखिताचं बाड हातात तोलत एका मित्राने मला विचारलं. प्रश्न रास्त होता. माझं उत्तर जरा लांबचं आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. आमच्या शाळेला मैदान होतं, पण पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत वाढायचं आणि उरलेलं वर्ष पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असायच्या. पीटीचा तास वेळापत्रकात होता. मात्र गणिताचा भाग मागे पडला की तो तास गणिताला जायचा, आणि गणिताचा भाग नेहमीच मागे पडलेला असायचा. याबद्दल एकाही पालकाने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. अशा दिवसांत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला बिस्कोचं १९२२ सालचं ‘काश्मीर इन सनलाइट अँड शेड’ सापडलं आणि त्यातली फुटबॉलची गोष्ट मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. वर्षभराने तीच गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा हसू आलं नाही. ती गोष्ट मी पुढे सांगणारच आहे, पण त्याआधी हा माणूस कुठून आला ते पाहायला हवं.

बिस्कोचा जन्म ९ फेब्रुवारी १८६३ रोजी ऑक्सफर्डशायरमधल्या होल्टन पार्क इथे, जमीनजुमला असलेल्या खात्यापित्या घरात झाला. शाळा ब्रॅडफिल्डची. तिथे या किरकोळ अंगाच्या मुलाचे बरेच हाल झाले. मोठ्या मुलांनी लहानांना छळायचं आणि मास्तरांनी त्याला मर्दानगीची तालीम समजून दुर्लक्ष करायचं, असा त्या काळच्या इंग्रजी निवासी शाळांचा रिवाज होता. तिथून तो केंब्रिजला जीझस कॉलेजात गेला, आणि लहान चणीचं चीज झालं ते तिथे. १८७५ पासून १८८५ पर्यंत केंब्रिजच्या नदीवर जीझसची होडी सर्वांत पुढे राहिली. अशा कॉलेजात हलक्या वजनाच्या आणि खणखणीत आवाजाच्या पोराला कोण सोडणार? शाळेत ज्याला कुणीही टपली मारावी तो आता आठ आडदांड गड्यांवर ओरडत होता आणि ते त्याचं मुकाट ऐकत होते. त्याच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा खुलासा मला या एका गोष्टीत सापडतो.

त्या वेळच्या इंग्लंडमध्ये खेळ आणि धर्म एकमेकांचा हात धरून चालत. १८५७ साली टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राऊन्स स्कूल डेज’ ही रग्बी शाळेवरची कादंबरी आली आणि मैदानावर चारित्र्य घडतं ही कल्पना घराघरात पोचली. गंमत म्हणजे ज्या टॉमस अर्नोल्ड हेडमास्तरांच्या नावावर ही कल्पना खपली त्यांना स्वतःला खेळांची फारशी पडलेली नव्हती. ते १८४२ सालीच वारले, आणि खेळाचं देवघर उभारलं ते नंतरच्या मास्तरांनी. बिस्को केंब्रिजला असतानाच त्या विद्यापीठाचा लाडका क्रिकेटपटू सी. टी. स्टड याने बॅट खाली ठेवली. ज्या १८८२ च्या ओव्हल कसोटीतून ॲशेसची दंतकथा निघाली त्या कसोटीत खेळलेला हा माणूस फेब्रुवारी १८८५ मध्ये सहा सोबत्यांसह धर्मप्रचारासाठी चीनला निघून गेला. इंग्लंडभर त्याचा बोलबाला झाला. खेळाडूने मिशनरी व्हावं, मास्तर व्हावं, कुठल्या तरी दूरच्या देशात जाऊन पोरांना ‘माणूस’ करावं, ही त्या पिढीची हौस होती.

हौस हा शब्द मी जाणून वापरला. ॲमॅच्युअर खेळाडूला मराठीत आपण ‘हौशी’ म्हणतो. आपल्याकडे हौशी म्हणजे फावल्या वेळात नाटक करणारा, सतार वाजवणारा, जरासा कच्चाच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हौशी खेळाडू असा बिचारा नव्हता. हौशी असणं ही तिथे जातीसारखी वस्तू होती. हेन्ले या थेम्सवरच्या प्रतिष्ठित शर्यतीने १८७९ साली नियमच लिहून काढला: ज्याने कधी पैशासाठी शर्यत केली तो हौशी नव्हे, आणि जो धंद्याने किंवा मजुरीने कारागीर, यंत्रकामगार वा मजूर आहे तोही नव्हे. म्हणजे जो पोटासाठी होडी वल्हवतो त्याने बाबूलोकांच्या शेजारी वल्हं धरायचं नाही, आणि सुतार-गवंड्यानेही नाही, मग त्याने आयुष्यात एक पैसा बक्षीस घेतलेलं नसो. अमेरिकेच्या जॅक केलीचा अर्ज हेन्लेने १९२० साली नाकारला. त्याच्या क्लबशी जुनं भांडण होतं हे एक कारण, आणि तो कधीकाळी विटा रचायचं काम करत होता हे दुसरं. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने सुवर्णपदक घेतलं. हाताने काम करणाऱ्यांवरची ही बंदी उठायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

वाचकांनी हा नियम लक्षात ठेवावा. श्रीनगरला पोचल्यावर त्याची आठवण येणार आहे.

पदवीनंतर बिस्कोने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि काही काळ लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, गोदी कामगारांच्या आणि दारिद्र्याच्या वस्तीत काढला. मग चर्च मिशनरी सोसायटीने त्याला काश्मीरला पाठवलं. साल १८९०. त्याच वर्षी लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर झाले, तेही इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. वर्षाच्या सुरुवातीला पारशांनी जी. एफ. व्हर्ननच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं होतं. पुढच्या वर्षी मुंबईत फुटबॉलची रोव्हर्स स्पर्धा सुरू झाली. म्हणजे साहेबाचा खेळ आपल्याकडे नुसता पोचलेला नव्हता, तो साहेबावरच उलटवण्यापर्यंत आपली मजल गेली होती. १८९१ च्या शरद ऋतूत बिस्को आपली नवी नवरी ब्लांश हिला घेऊन मुंबईहून काश्मीरला परतला तेव्हा त्याच्या सामानात एक चामड्याचा फुटबॉल होता. आपल्या मुलखाशी या गोष्टीचा संबंध म्हणाल तर एवढाच, एका चेंडूपुरता.

काश्मीर तेव्हा इंग्रजांच्या थेट अंमलाखाली नव्हतं. गादीवर डोगरा घराण्याचे महाराजा प्रतापसिंह होते आणि शेजारी इंग्रज रेसिडेंट. खोऱ्यातली बहुतेक प्रजा मुसलमान, शेतकरी आणि कारागीर, बेगारीने पिचलेली. कारभाराची लेखणी पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी पंडितांच्या हाती. १८८९ च्या सुमाराला दरबारची भाषा फारसीची उर्दू झाली, बाहेरून आलेले पंजाबी कारकून कचेऱ्यांत दिसू लागले आणि फारसीवर जगलेल्या पंडित घरांना घोर लागला. आता पोराला इंग्रजी आलं पाहिजे! मिशनच्या शाळेत बायबल वाचायला लावतात हे ठाऊक असूनही त्यांनी मुलं पाठवली ती या पोटाच्या प्रश्नापायी. ही शाळा मिशनच्या इस्पितळाच्या आवारात १८८० च्या सुमाराला निघाली होती आणि पुढे झेलमच्या काठी फतेहकदलला आली. बिस्कोच्या आधी तिथे हिंटन नोल्स हे मिशनरी मुख्याध्यापक होते. काश्मिरी म्हणी आणि लोककथा त्यांनी गोळा करून छापल्या. त्यांना काश्मिरी माणसाची भाषा आवडली होती. बिस्कोला काश्मिरी माणूस बदलायचा होता.

पहिल्या दिवशी शाळेच्या दालनात बिस्कोला दिसली ती जमिनीवर मांडी घालून बसलेली, पायघोळ फेरनमध्ये गुरफटलेली, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून ऊब घेणारी मुलं. काहींना दाढीमिशा फुटल्या होत्या, काहींची लग्नं झाली होती. त्याला वास आला, किळस आली, आणि ती त्याने कधी लपवली नाही. या मुलांचं वर्णन करताना तो जी विशेषणं वापरतो ती आज वाचवत नाहीत. कुणी हात पिळला तरी प्रतिकार करत नाहीत, पळत नाहीत, पोहत नाहीत, कारण अंगाला पीळ असणं ही कुली-हमालाची खूण, पंडिताची नव्हे, असं त्यांच्या घरी मानत. बिस्कोने याला भेकडपणा म्हटलं. मला वाटतं, अफगाण, शीख, डोगरा अशा एकामागून एक राजवटी अंगावर झेललेल्या समाजाने जगण्याची शोधलेली ती रीत होती. अंग चोरून बसणारा वाचतो, हे त्यांना त्यांच्या इतिहासाने शिकवलं होतं.

आता फुटबॉल. बिस्कोने तो मुलांपुढे धरला. हे काय? खेळायची वस्तू. खेळल्यावर पैसे मिळतील? नाही. मग कशाला खेळायचं? बरं, हे कशाचं आहे? चामड्याचं. हे ऐकताच मुलं मागे सरली, कारण ब्राह्मणाच्या पोराने चामड्याला लाथ घालायची म्हणजे विटाळ. बिस्कोने वाद घातला नाही. त्याने मास्तरांना गाठून संध्याकाळचा बेत समजावून दिला. शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हातात काठ्या घेतलेले मास्तर उभे होते. मागे चाबूक घेऊन बिस्को. मेंढरं हाकावीत तशी मुलं शेखबागेच्या मैदानावर हाकत नेली. पायात लाकडी खडावा, अंगात फेरन. भोवती बघ्यांची गर्दी. दोन बाजू पाडल्या, चेंडू मध्ये ठेवला, खेळा म्हटलं. कुणी हलेना. बिस्कोने खिशातून घड्याळ काढलं, पाच मिनिटं दिली आणि शेवटचे काही सेकंद मोठ्याने मोजले. शून्याला काठ्या पुढे झाल्या, आणि एकदम गलका! खडावा हवेत, फेरनं एकमेकांत अडकलेली, पगड्या सुटलेल्या. मुलं खेळत होती. इतक्यात चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. चामडं ओठांना लागलं होतं. मुलगा रडायला लागला, खेळ थांबला, मुलं हवालदिल झाली. त्याला कालव्यावर नेऊन धुऊन आणा, बिस्को म्हणाला. मुलाला धुतलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

या प्रसंगाची जी हकिकत प्रसिद्ध आहे ती बिस्कोची, आणि बिस्को पट्टीचा गोष्टीवेल्हाळ होता. इंग्लंडमधल्या देणगीदारांना हसवून त्यांच्या खिशात हात घालायची कला त्याला साधली होती. ज्या मुलाच्या ओठाला चामडं लागलं त्याचं घरी काय झालं, त्याची आई त्या रात्री त्याला काय म्हणाली, हे त्या गोष्टीत नाही. स्टाफरूममध्ये हसताना आमच्यापैकीही कुणाच्या मनात तो प्रश्न आला नाही. हसू आलं नाही म्हणालो ते यासाठी.

फुटबॉलनंतर पाणी. श्रीनगर म्हणजे झेलम, कालवे आणि डल सरोवर. शहरात बुडून मरणं रोजचं, आणि तरी पंडिताची मुलं पोहायला शिकत नसत. होडी वल्हवणं तर दूरच. ते काम हांजींचं. हांजी म्हणजे होड्यांवरच जन्मणारी, तिथेच संसार करणारी नावाड्यांची मुसलमान जमात. पंडितांच्या लेखी ती पायरीने फार खालची. एखाद्याला हांजी म्हणणं ही शिवी होती. केंब्रिजचं वल्हं डोक्यात घेऊन आलेल्या बिस्कोला हा प्रकार असह्य झाला. ब्राह्मणांची मुलं शहरादेखत नदीवर वल्ही मारतील तेव्हाच आपण इथे काही केलं म्हणायचं, असा त्याने चंग बांधला. त्याने ते करून दाखवलं. पुढे पुढे डलवर शाळेच्या होड्यांचे ताफे फिरू लागले. ऐन सरोवरात इशारा झाला की मुलं आपलीच होडी पाण्याने भरून बुडवत, पुन्हा वर काढत आणि वल्हवत निघत. डल पोहून पार करणं हा शाळेचा मानाचा प्रकार झाला. ठरावीक वयापर्यंत पोहायला न शिकणाऱ्याची फी वाढवली जाई. पोराला बुडायची भीती आणि बापाला पैशाची, असा दुहेरी पेच त्याने टाकला होता. यात बापच आधी हरला असणार, असा माझा शाळामास्तरी अंदाज आहे.

आता हेन्लेच्या त्या नियमाकडे परत यायचं. श्रीनगरमध्ये पंडित म्हणत होता, वल्हं हे हलक्या लोकांचं काम, मी ते हातात धरणार नाही. हेन्लेला साहेब म्हणत होता, वल्हं माझं, हलक्या लोकांनी ते माझ्या शेजारी धरायचं नाही. एक वल्ह्यापासून दूर पळत होता, दुसरा वल्ह्याला कुंपण घालत होता, आणि दोघांनाही विटाळ होत होता तो एकाच माणसाचा: जो पोटासाठी होडी चालवतो त्याचा. बिस्कोने पहिली रूढी काठी घेऊन मोडली. दुसऱ्या रूढीच्या पोटातच तो वाढला होता. जन्मभर तो पंडितांच्या सोवळ्याची टवाळी करत राहिला, पण आपल्या तरुणपणच्या नदीवरही एक सोवळं होतं हे त्याच्या लक्षात आलं होतं का? त्याच्या छापील लिखाणात मला त्याची खूण दिसली नाही. या पुस्तकाचं मूळ या एका निरीक्षणात आहे. बाकीची प्रकरणं त्याच्या भोवती वाढली.

तरीही माणूस एवढ्यावर निकालात निघत नाही, म्हणून तर चारशे पानं लागली. बिस्कोच्या शाळेत खेळ हा शेवटचा मुक्काम नव्हता. कमावलेलं अंग शहराच्या कामी आलं पाहिजे असा त्याचा हट्ट होता. १८९२ साली श्रीनगरात पटकीने थैमान घातलं तेव्हा त्याने मुलांना आणि मास्तरांना शहरातली घाण उपसायला लावलं. ब्राह्मणाच्या पोरांच्या हातात फावडं! १८९३ आणि १९०३ च्या पुरांत शाळेच्या होड्या माणसं काढायला धावल्या. लाकडी घरांचं ते शहर, आग लागली की गल्ल्याच्या गल्ल्या जायच्या. तिथे शाळेची मुलं हातपंप घेऊन पोचत. मिशनच्या इस्पितळातल्या उठायला लागलेल्या रोग्यांना होडीत घालून सरोवरावर हवा खायला नेणं हेही शाळेच्या कामात मोडायचं. रस्त्यावर गाढवाला मारताना कुणी दिसला तर मुलांनी मध्ये पडायचं. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्या मुलाचा मान परीक्षेत पहिला येणाऱ्यापेक्षा मोठा.

त्याची प्रगतिपुस्तकं पाहिली की मास्तर म्हणून मी थक्क होतो. एकूण गुणांपैकी सुमारे एक तृतीयांश अभ्यासाला, एक तृतीयांश शरीराला, आणि उरलेले वागणुकीला. वागणुकीतही भाग पाडलेले: मास्तरांशी कशी, सोबत्यांशी कशी, आणि शहराशी कशी. शहराशी! शिवाय खेळात गुण पडायचे ते जिंकण्यासाठी नव्हे, मुलाने किती जोर लावला त्यासाठी. आपल्याकडच्या शाळांत मूल्यशिक्षणाचा तास कसा भरतो हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

या सगळ्यामागे एकटा बिस्को होता असा समज कृपया करून घेऊ नये. कोपऱ्याकोपऱ्यावर काठ्या घेऊन उभे राहिलेले ते मास्तर बहुतेक पंडितच होते. मुलांना एक संध्याकाळ सोसायची होती, मास्तरांना जन्मभर त्याच गल्लीत राहायचं होतं. साहेब फार तर हद्दपार झाला असता, हे वाळीत पडले असते. त्यांतले शंकर कौल पुढे शाळेचे हेडमास्तर झाले आणि विधवांच्या पुनर्विवाहासाठी आपल्याच समाजाशी झगडले. महर्षी कर्व्यांच्या मुलखातल्या वाचकाला हे झगडणं काय असतं ते सांगायला नको. मराठीत चरित्रनायकाला अहोजाहो करायची पद्धत आहे. मी या पुस्तकात बिस्कोला एकेरीत ठेवलं आहे, कारण मला त्याच्याशी भांडायचं होतं आणि अहोजाहो केलं की भांडण रंगत नाही. शंकर कौलांना मात्र मी सगळीकडे अहोजाहो केलं आहे. संपादकांनी दोघांना एका पंगतीत बसवायची सूचना केली होती. ती मी मानली नाही.

बिस्कोचे शत्रू बरेच होते आणि ते सगळ्या बाजूंनी होते. दरबारातल्या सनातन्यांना तो धर्म बुडवणारा वाटे. १९०५ साली ॲनी बेझंट यांनी श्रीनगरात हिंदू कॉलेज काढलं, त्याचंच पुढे श्री प्रताप कॉलेज झालं. त्या वेळी मिशनच्या शाळेतून मुलं भराभर तिकडे गेली. ज्या बाईंना आपण होमरूलच्या लढ्यामुळे आदराने ओळखतो त्या या चरित्रात प्रतिपक्षाच्या बाकावर दिसतील. त्यांची बाजू लंगडी होती असं मला वाटत नाही. आपल्या मुलांनी आपल्या धर्माचा उपहास करणाऱ्याकडे शिकू नये, ही इच्छा गैर कशी म्हणावी? पण सर्वांत मौजेचं भांडण बिस्कोच्या घरातलंच आहे. त्याच्या मिशनला बाप्तिस्मे हवे होते आणि हा गृहस्थ पोरांना पोहायला शिकवत होता. इतक्या वर्षांत त्याच्या शाळेतून ख्रिस्ती झालेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. पाण्यात उडी टाकून दुसऱ्याला बाहेर काढणारा मुलगा ख्रिस्ताच्या वाटेवरच आहे, मग त्याच्या कपाळावर काही का असेना, अशी बिस्कोची समजूत होती. हिशेब मागणाऱ्या संस्थेला ही समजूत कशी परवडणार?

शाळेच्या चिन्हावर दोन वल्ही फुलीसारखी ठेवलेली आहेत. ती केंब्रिजची लांब वल्ही नाहीत. पाती हृदयाच्या आकाराची आहेत, हांजी वापरतात तशी. बिस्कोने त्यांचा अर्थ लावून ठेवला होता: वल्हं म्हणजे कष्ट, हृदय म्हणजे दया, फुली म्हणजे त्याग. खाली ब्रीद, सगळ्या गोष्टींत पुरुषासारखे वागा. बळ आणि दया एकत्र नांदतात तोच खरा पुरुष, अशी त्याची व्याख्या होती. याच शाळेचं भावंड असलेल्या मुलींच्या शाळेसमोर हे ब्रीद जरा अवघडून उभं राहतं खरं. मला मात्र त्या वल्ह्याच्या जातीत रस आहे. थेम्सवरचे आठ जण पाठ पुढे करून ओढतात, आंधळेपणाने. डलवरचा वल्हवणारा तोंड पुढे करून बसतो आणि कुठे चाललोय ते स्वतः पाहतो. कॉक्स म्हणून नाव कमावलेल्या माणसाने आपल्या शाळेसाठी असं वल्हं निवडलं, की ज्याला कॉक्सची गरज नसते. हे त्याने जाणून केलं असेल असा माझा दावा नाही.

बिस्को १९४७ साली काश्मीर सोडून गेला. तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि खोरं पेटायच्या बेतात होतं. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण ऱ्होडेशियातल्या सॉल्झबरी इथे त्याचा अंत झाला. आत्मचरित्र १९५१ साली, त्याच्या पाठीमागे छापलं गेलं. त्याचा नातू, काश्मीरमध्येच जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ ह्यू टिंडेल-बिस्को, याने २०१९ साली आजोबांवर मोठं पुस्तक लिहिलं. खेळ आणि साम्राज्य यांच्या नात्यावर लिहिणारे जे. ए. मँगन यांनीही त्याची चिरफाड केली आहे. एकाने मायेने लिहिलं, दुसऱ्याने शंकेने. मी दोघांचा ऋणी आहे आणि दोघांशी ठिकठिकाणी असहमत आहे.

एक विनंती आहे. फुटबॉलचं प्रकरण चौथं आहे. बहुतेक वाचक आधी तिकडेच वळतील आणि त्याला माझी हरकत नाही. पण तेवढं वाचून, हसून पुस्तक मिटू नये. अकरावं प्रकरण शंकर कौलांचं आहे. पुस्तकातलं एकच प्रकरण वाचायला वेळ असेल तर ते वाचावं.